ढोलीतून दिलेला शब्द

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कोणी हसलं की माझी गाडी अडते. आणि बाहेर फिरते ती गोष्ट खरी मानू नका. तिच्यात मी धानाच्या ढोलीतून बाहेर निघतो, शिंकतो आणि बेशुद्ध पडतो. साफ खोटं आहे. शिंकलो होतो, बेशुद्ध पडलो नव्हतो.

तर झालं असं, की माझं सडक अर्जुनीत हायवेला लागून जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. ढेप, चुनी, कोंडा. धंदा शांत, गिऱ्हाईक शांत, मीही शांत. माझी बायको प्रमिला म्हणते की शांत नाही, भित्रे. असेल. पण भित्रा माणूस कोणाचं वाईट करत नाही. तो करतो ते स्वतःचंच.

माझा शाळेपासूनचा मित्र टेकचंद. आडवा-उभा सारखाच. शाळेत कबड्डी खेळताना तो पकडायला पुढे आला की मी हात लागायच्या आधीच बाद होऊन बाहेर बसायचो. मनाचा वाईट नाही, पण आवाज असा की 'राम राम' म्हटलं तरी समोरचा दोन पावलं मागे सरकतो. लहानपणाची ती भीती माझ्या अंगातून कधी गेलीच नाही.

एक दिवस तो दुकानात आला आणि म्हणाला, "चाल शालिक, गोंदियाले जाऊ. एक सही कराची आहे." मी गल्ल्याला कुलूप लावलं आणि निघालो. कशावर सही, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं की माझा त्याच्यावर भरोसा नाही, आणि टेकचंदला तसं वाटू द्यायची माझी छाती नव्हती. गोंदियाच्या त्या फायनान्सच्या ऑफिसात एक पोरगा बोट ठेवत गेला, "अंकल, यहाँ, यहाँ और यहाँ." मी तिथे, तिथे आणि तिथे सही केली. टेकचंदला मालवाहू गाडी मिळाली, आणि मी झालो गॅरंटर. गॅरंटर म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. घेणारा गाडीत बसतो आणि गॅरंटर हप्त्यावर.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. टेकचंद लग्नाच्या मांडवाचं सामान वाहायचा, हप्ते भरायचा, हायवेवरून जाताना मला हॉर्न द्यायचा. हॉर्नही कसा, सनईच्या सुरातला. मग लग्नाचा हंगाम सरला, पाऊस लागला, गाडीचं काहीतरी मोठं काम निघालं आणि हप्ते थांबले.

आता हप्ते थांबले तर तो फायनान्सचा माणूस टेकचंदकडे जाईल, असंच तुम्हाला वाटेल ना? तो माझ्याकडे आला. किडकिडीत, गोड बोलणारा, तेल लावून भांग पाडलेला माणूस. त्याने कधी आवाज चढवला नाही. तो फक्त येऊन ढेपेच्या पोत्यावर बसायचा. गिऱ्हाईक आलं की हसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, पाहुणे कुठले? तो माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "इनसे थोडा काम है." त्या 'थोडा काम'ने माझी झोप उडाली. शिव्या देणाऱ्या माणसाची भीती घटकाभर वाटते. हसणाऱ्याची दिवसभर पुरते. मी हप्ता भरला. पुढच्या महिन्यात तो परत येऊन बसला, मी परत भरला. असं करत करत, पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे सगळेच्या सगळे टेकचंदच्या गाडीला लागले.

मागितले नाहीत का? मागायला कितीदा तरी गेलो. तो अंगणात बाज टाकायचा, चहा सांगायचा, आणि मी पावसापाण्याचं बोलून परत यायचो. एकदा मनाचा धडा करून म्हटलं, "टेकचंद, ते..." त्याने मान वर केली. "ते काय?" मी म्हटलं, "ते टायर. टायर चांगले आहेत तुह्या गाडीचे." आणि घरी आलो.

फीची तारीख जवळ आली तेव्हा प्रमिलाला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तोंडावर बोलता नाही येत ना? मंग फोनवर बोला. पण कडक बोला. पोरीचं वर्ष गेलं तर तिले तोंड कोन दाखवन?"

पोरीचं वर्ष. हे शब्द माझ्या डोक्यात बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कोणी नव्हतं. म्हटलं, आधी सराव करावा. मोबाईलवर आवाजाचा मेसेज पाठवता येतो ना, बटण दाबून धरायचं, बोलायचं, आणि पाठवायचा नसेल तर बोट बाजूला सरकवलं की तो पुसला जातो. ठरवलं, टेकचंदचा नंबर उघडून बटण दाबायचं, मनातलं सगळं बोलायचं, म्हणजे राग बाहेर येईल. मग पुसायचं आणि खरा मेसेज जरा नरम करून पाठवायचा. कल्पना वाईट होती का? तुम्हीच सांगा.

मी बटण दाबलं आणि डोळे मिटले. पोरीचा चेहरा समोर आणला. आणि काय सांगू, माझ्या आतून कोणी दुसराच बोलायला लागला. "टेक्या, शालिक बोलून राहिलो. लय झालं तुहं. उद्याच्या उद्या पैसे माह्या घरी आले पायजे. नाही आले तर तुही गाडी उभी जाळतो, अन् तुले त्याच गाडीत..." इथे मला पुढचं सुचेना, म्हणून मी म्हटलं, "...बसवतो."

तेवढ्यात एका बकरीने चुनीच्या पोत्यात तोंड घातलं. मी "हट" म्हणून हात झाडला. हात झाडला म्हणजे बोट सुटलं. बोट सुटलं म्हणजे मेसेज गेला.

पण अजून उपाय होता. गेलेला मेसेजही पुसता येतो, हे मला माहीत होतं. मी मेसेज दाबून धरला. दोन ओळी आल्या. एकीत लिहिलं होतं सगळ्यांसाठी पुसा, दुसरीत लिहिलं होतं फक्त माझ्यासाठी पुसा. घाईघाईत अंगठा पडला तो दुसऱ्या ओळीवर. म्हणजे मेसेज माझ्या मोबाईलमधून गेला आणि टेकचंदच्या मोबाईलमध्ये जसाच्या तसा राहिला. आता तो मला पुसताही येईना, आणि त्याने ऐकला की नाही हे बघताही येईना.

मी मोबाईल गल्ल्यावर ठेवला आणि त्याच्याकडे साप पाहावा तसा पाहत बसलो. थोड्या वेळाने तो वाजला. टेकचंद. मी उचलला नाही. परत वाजला. परत टेकचंद. महिनोन्महिने ज्या माणसाने मला फोन केला नव्हता, तो आता दम घेत नव्हता. मी मोबाईल बंद केला, खिशात टाकला आणि वरून रुमाल कोंबला. जसं काही तो रुमाल काढून वाजणार होता.

दुपारपर्यंत कसाबसा बसलो. गिऱ्हाइकाने कोंडा मागितला, मी ढेप दिली. आणि मग हायवेवरून सनईचा सूर आला.

मी दारातून डोकावलो. टेकचंदची गाडी सर्व्हिस रोडला उतरत होती. मागच्या भागात माणसं उभी होती, चांगली धट्टीकट्टी, आणि प्रत्येकाच्या हातात बांबू. लांबलचक, जाड बांबू. एका शालिकसाठी एवढे बांबू?

मी दुकान तसंच टाकलं. मागच्या दाराने निघालो, एक कुंपण ओलांडलं, कोणाच्या तरी परसातल्या वांग्यांतून धावलो आणि हायवेला एक ऑटो चालला होता त्यात जाऊन पडलो. कामठ्याला, गोंदियाच्या पलीकडे, माझी मोठी बहीण दिलेली आहे. तिथे गेलो तर वाचू, एवढंच सुचलं. ऑटोवाला कोहमाऱ्याच्या चौकापर्यंतच जाणारा होता. तिथून गोंदियाची जीप मिळेपर्यंत मी एका ढाब्यात आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलो. डोक्यावरून दुपट्टा घेतला.

बाहेर गाडी थांबली. हॉर्न वाजला नाही, पण इंजिनाची घरघर मी ओळखली. ती मीच तर विकत घेत होतो. माणसं उतरली, चहा सांगितला, बाकडी ओढली. आणि टेकचंद हात धुवायला माझ्या पाठीमागच्या बेसिनपाशी आला. मी दुपट्ट्याच्या आत श्वास रोखून बसलो. त्याचा फोन वाजला. तो कोणाशी तरी बोलला. एकेक शब्द मला आजही पाठ आहे.

"नाही ना भेटला. दुकान उघडं टाकून गेला. पण आता त्याले सोडत नाही मी. भेटू दे, त्याचा हिशोबच करून टाकतो."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मीही तेच समजलो.

तो गेल्यावर जीप आली. कोहमारा ते गोंदिया रस्त्यात जंगल लागतं. कधीमधी वाघ आडवा जातो म्हणतात. शेजारचा म्हातारा मला तेच सांगत होता, की मागे इथेच वाघ बसला होता. त्या दिवशी वाघ दिसला असता ना, तर मी त्याला जीपमध्ये माझ्या बाजूला जागा दिली असती. कोणीतरी सोबत पाहिजे होतं.

कामठ्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. कौसल्याताईने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्या पायात कुठल्या तरी गिऱ्हाइकाची. तिने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, सहज आलो, तुझी आठवण आली. भावाला बहिणीची आठवण अशी दोन रंगांच्या चपला घालून येते का? पण तिने मान डोलावली, आणि मी हातपाय धुवायला गेलो तेवढ्यात प्रमिलाला फोन लावून सांगून टाकलं की शालिक इथे आहे, काळजी करू नको. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिचे यजमान झनकलाल भाऊजी. शेती आहे, शिवाय धानाचा व्यापार. बोलणं एकदम मोजकं. धान तोलावा तसा शब्द तोलून देणार आणि एकदा दिला की परत घेणार नाही. त्यांनी जेवताना एकच विचारलं, "काही अडचन?" मी म्हटलं, "व्यवहाराचा थोडा घोटाळा आहे, भाऊजी." त्यांनी पुढे विचारलं नाही. अशा माणसांचं मला फार बरं वाटतं. म्हणजे, तेव्हा वाटलं.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी अंगणात कडुनिंबाची काडी चावत उभा होतो आणि गावाच्या रस्त्यावरून सनई वाजली.

काडी तोंडात तशीच ठेवून मी घरात पळालो. माजघरातून मागच्या खोलीत. मागच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. कोपऱ्यात धानाची ढोली होती. तुमच्याकडे आता दिसत नसेल, पण आमच्याकडे अजून आहेत. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या उंचीची गोल कोठी. हंगाम सरत आल्याने अर्धी रिकामी होती. मी पोत्यावर पाय ठेवला आणि आत उतरलो. ताई दारात उभी राहून पाहत होती.

"काऊन रे? काय केलं तू?"

"ताई, तो मले मारून टाकते. मी इथे नाही म्हन."

ताई आयुष्यात खोटं बोललेली नाही. तिने भिंतीवरचं सूप काढलं, ढोलीच्या तोंडावर ठेवलं आणि बाहेर गेली. मी ऐकलं, टेकचंदने विचारलं, शालिक आहे का, आणि ती म्हणाली, "घरात तर कुठी दिसून नाही राहिला." खरंच होतं ते. दिसत कुठे होतो?

आता धानात बसणं काय असतं ते सांगतो. आधी पायाला टोचतं, मग मानेला, मग जिथे हात पोचत नाही तिथे. नाकात धूळ. शिंक आली की दोन बोटांनी नाक दाबायचं, आणि मग ती शिंक कानातून निघते की काय असं वाटतं. वर सूप. सुपाच्या फटीतून थोडा उजेड. बाहेरच्या खोलीतलं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. टेकचंदचा तो आवाज, पण आज दबलेला. "इज्जतीचा सवाल आहे," असं काहीतरी तो म्हणाला. मग म्हणाला, "आजच्या आज." आणि मग कोणी तरी रडायला लागलं. मोठ्या माणसाचं, घोगरं रडणं.

माझ्या मनात आलं, गेले. भाऊजींना मारलं याने. माझ्यापायी माझ्या बहिणीच्या घरात हे झालं. त्या क्षणी मी बाहेर यायला पाहिजे होतं. मनापासून वाटलंही. एक हात सुपापर्यंत गेलाही. पण तो तिथेच थांबला.

मग पावलं आली. सूप जरा बाजूला झालं आणि वर भाऊजींचा चेहरा दिसला. धडधाकट. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तो मानूस पैसे मागून राहिला. म्हन्ते शालिकशी माहा व्यवहार आहे, आजच्या आज पायजे. मी त्याले ओळखत नाही. तू म्हनशील तर देतो. देऊ?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे मला वाटलं तसं. हा माणूस माझ्या धमकीची भरपाई मागतोय. बेइज्जती केली, त्याचे पैसे. म्हटलं, जीव वाचतोय तर वाचू दे.

"द्या भाऊजी."

"रक्कम मोठी आहे. आकडा आयकून घे."

"आकडा नका सांगू, मले चक्कर येईल. पाया पडतो, द्या अन् त्याले इथून काढा."

भाऊजींनी विचारलं, "जबाबदारी तुही?"

"माही. पुरी माही."

"विचार करून बोलून राहिला ना?"

"हो जी, भाऊजी. सूप ठेवा."

त्यांनी सूप ठेवलं. बाहेर कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, आणि सनईचा सूर कामठ्याच्या बाहेर विरत गेला. तेव्हा मी शिंकलो. एवढा वेळ दाबून ठेवलेल्या सगळ्या शिंका एकाच वेळी आल्या. ताई आणि भाऊजींनी मला काखेत धरून बाहेर ओढलं. बेशुद्ध वगैरे काही नाही.

भाऊजींनी मला विचारलं नाही की हा व्यवहार कसला, कारण त्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे. मी त्यांना विचारलं नाही की तो काय म्हणाला, कारण मलाही वाटलं मला सगळं माहीत आहे. आम्ही दोघांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत घरी आलो. प्रमिला दारातच उभी होती, आणि तिचा चेहरा असा खुललेला मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. तिने मला हाताला धरून आत नेलं, कपाट उघडलं आणि दाखवलं. पैसे. मी भरलेला हप्ता न् हप्ता. पोरीची फी.

ती सांगत होती की टेकचंद काल दुपारी आला, उंबरठ्यावर बसला, पैसे तिच्या हातात दिले आणि म्हणाला, शालिकला सांगा, हिशोब पूर्ण झाला. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "फोनवर चांगलंच कडक बोलले असन तुमी."

आता तुमच्या मनात जे आलं ते माझ्या मनात का आलं नाही, असं विचाराल. सुटलेल्या माणसाला हिशोब येत नाही हो. माझ्या मनात फक्त माझा आवाज घुमत होता. 'गाडी उभी जाळतो.' काय दम होता त्या आवाजात. एवढा मोठा टेकचंद, पण घाबरला. मी प्रमिलाला म्हटलं, "कडक बोलावं लागते कधीकधी."

पोरीची फी भरली. आणि मी दुकानात ताठ बसायला लागलो. गोष्ट मी सगळ्यांना सांगितली, ढोलीचा भाग सोडून. शेजारचा हार्डवेअरवाला म्हणाला की त्याचेही पैसे एका ठेकेदाराकडे अडकलेत, एक मेसेज तुझ्या आवाजात पाठवून दे. मी पाठवला. खुर्चीत मागे रेलून, पायावर पाय टाकून. फायनान्सचा तो गोड माणूस परत आला नाही, कारण टेकचंद आता स्वतःच हप्ते भरत होता. त्याचंही श्रेय मी माझ्याच आवाजाला दिलं.

असे बरेच चांगले दिवस गेले. मग एक दिवस झनकलाल भाऊजी दुकानात आले. ताईही सोबत होती, ती घरी प्रमिलाकडे गेली. भाऊजी ढेपेच्या पोत्यावर बसले. नेमके त्याच पोत्यावर. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "शालिक, धान खरेदी सुरू होते आता. ते पैसे लागतील."

"कोनते पैसे, भाऊजी?"

"ढोलीतून बोलला होता ते."

मी हसलो. म्हटलं, ते टेकचंदने माझ्या बोलण्याचा राग धरून घेतले होते, पण मग त्याला पश्चात्ताप झाला असेल, कारण त्याच दिवशी त्याने माझे सगळे पैसे... आणि इथे माझं तोंड उघडंच राहिलं. त्याच दिवशी. सकाळी कामठ्याला, दुपारी माझ्या घरी.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुहेच पैसे तुले द्यासाठी तो माह्याकडून घेऊन राहिला होता. मले वाटलं तुले ठाऊक आहे. मले वाटलं, तुमच्याकडे असाच व्यवहार चालते."

मी टेकचंदला बोलावलं. आता त्याला फोन करायची भीती उरली नव्हती. तो आला, पोत्यांमध्ये उभा राहिला, आणि मी त्याला विचारलं की माझा तो मेसेज ऐकला होता ना? त्याने माझ्याकडे बघितलं. "कोनता मेसेज?" त्याचा मोबाईल भर पावसात गाडीच्या टपावर राहिला होता, तेव्हापासून वाजतो, फोनवर बोलता येतं, पण मेसेजमधला आवाज काही निघत नाही. माझी ती धमकी आजही त्याच्या मोबाईलमध्ये मुकी पडून आहे.

मग एवढे फोन कशाला केलेस? तर त्या दिवशी त्याला मोठ्या मांडवाचं काम मिळालं होतं. बांबू घेऊन कामालाच निघाला होता. त्याला वाटलं, शालिकला सांगावं की आता हप्ते मी भरतो आणि तुझाही हिशोब करून टाकतो. पण मी फोन उचलेना, दुकान उघडं टाकून गेलेलो, संध्याकाळी प्रमिलाने सांगितलं की जेवले नाहीत, फोन बंद आहे, बहिणीकडे निघून गेलेत. टेकचंद खाली बघून म्हणाला, "मले वाटलं तू जिवाचं काही करून घेशील माह्यापायी. रातभर झोपलो नाही. कामठ्याले आलो तर तू तिथेही नाही. मंग मले रडूच आलं. म्हटलं, उसने घेऊन का होईना, तुहे पैसे आजच्या आज घरी पोचवतो."

म्हणजे मी ढोलीत बसून ज्याला घाबरत होतो, तो बाहेर बसून माझ्यासाठी घाबरत होता. मला एकदम काहीतरी वाटलं. मी उभा राहिलो.

भाऊजी व्यवहाराला लागले होते. टेकचंद म्हणत होता की लग्नाचा हंगाम सुरू होतोय, दर महिन्याला कामठ्याला पैसे आणून देईन. भाऊजींनी विचारलं, "कोनाच्या भरोशावर?" एवढ्यात ताई आणि प्रमिला दोघी दुकानात आल्या होत्या, काय चाललंय ते ऐकत उभ्या होत्या. मी छाती पुढे काढली आणि म्हटलं, "मी आहे ना, भाऊजी. जबाबदारी माही."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कोणी हसलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं. भाऊजींनी शब्द तोलले आणि म्हणाले, "तू नको. प्रमिलाबाई म्हनत असन तर बोला."

प्रमिला म्हणाली, "मी देतो शब्द. पन टेकचंदभाऊ, गाडीची दुसरी चाबी माह्यापाशी राहीन." टेकचंदने त्याच क्षणी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक चाबी सोडवली आणि तिच्या हातात ठेवली. मी इतके महिने ज्याच्याशी टायरचं बोलत होतो, त्याने. भाऊजींनी मान डोलावली. व्यवहार झाला. सगळे पोत्यांवर बसले, आणि भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "शालिक, तू चहाचं सांगून ये."

मी बाजूच्या टपरीवर गेलो, पाच चहा सांगितले. चहावाल्याने विचारलं, "कोनाच्या नावावर लिहू?"

मी म्हटलं, "माह्याच लिही बापा."